दालचिनीची वाफ आणि बाबांचा डावा कान

आमच्या गॅरेजमध्ये हत्यारांचं एक पत्र्याचं कपाट आहे. त्याच्या दाराला आतल्या बाजूने आलेखाचा एक कागद चिकटवलेला आहे. आडव्या रेघेवर तारखा, १ डिसेंबर २००७ पासून पुढे. उभ्या रेघेवर बाबांच्या रोजच्या सिगारेटी. आलेख चौदावर सुरू होतो, पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो आणि २९ डिसेंबरला शून्यावर टेकतो. तिथून मार्च संपेपर्यंत तो शून्यावरच आहे. ऑफिसात मी हेच काम करतो. कारखान्यातून निघालेल्या मालात दर हजारी किती नग सदोष निघाले ते मोजायचं, रेघ काढायची आणि ती खाली आणायची. इतकी स्वच्छ उतरलेली रेघ मला ऑफिसात सोळा वर्षांत एकदाही काढता आलेली नाही.

एप्रिलपासून तो कागद काढून टाकायचा म्हणतो आहे. आता नोव्हेंबर आहे.

बाबा गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे ओहायोला आले. आई जाऊन तेव्हा तेरा महिने झाले होते आणि अकोल्याच्या घरात ते एकटेच होते. सहा महिने राहायचं आणि एप्रिलमध्ये परत जायचं असं ठरलं होतं. त्यांचं वय एकाहत्तर. चौतीस वर्षं बसडेपोच्या वर्कशॉपात काढून ते हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते. इथे त्यांना करायला काही नव्हतं. पहिल्या चार दिवसांत त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं आणि पाचव्या दिवशी माझ्या गाडीकडे मोर्चा वळवला.

"चालू कर रे," ते म्हणाले. "रोज तू घरी येतं तेव्हा कण्हते ही."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी गाडी चालू केली, बॉनेट उघडलं. बाबांनी कपाटातला सगळ्यात लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनाच्या एका भागावर टेकवलं आणि लाकडी मूठ डाव्या कानाला लावली. डोळे मिटले. मग टोक दुसरीकडे, मग तिसरीकडे. डॉक्टर छाती तपासतात तसं. तिसऱ्या जागी ते बराच वेळ थांबले.

"पाण्याच्या पंपाचं बेअरिंग चाललं. महिना काढंल, मग रस्त्यात दगा देईल."

दोन दिवसांनी मी गाडी गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने यंत्रं लावून अर्धा तास तपासली आणि पंप बदलावा लागेल म्हणाला. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बाबा वरणभात जेवत होते. "अर्धा तास लागला त्याले?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि आणखी वरण वाढून घेतलं.

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिला मराठी समजतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते. तिला त्या स्क्रूड्रायव्हरचं फार कौतुक वाटलं. मग दोघांचा एक खेळच सुरू झाला. बाबांनी डोळे मिटून जेवणाच्या टेबलाशी बसायचं. तिने स्क्रूड्रायव्हरचं टोक टेबलावर टेकवायचं आणि मूठ त्यांच्या कानाशी धरायची. मग टेबलावर काहीतरी वाजवायचं आणि ते काय आहे हे त्यांनी ओळखायचं. चमचा, पेन्सिल, नाणं, नख. बाबा कधी चुकत नसत. डेपोत म्हणे त्यांना 'डावा कान' असंच नाव पडलं होतं. उजवा कान माणसांचं ऐकायला आणि डावा इंजिनाचं, असं ते सांगत. फोनसुद्धा ते डाव्याच कानाला लावत. उजव्या हाताने बिघाडाची नोंद लिहून घ्यायची सवय होती ना.

प्रश्न होता तो सिगारेटचा. बाबा दिवसाला चौदा ओढत. हा आकडा माझा आहे, त्यांचा नाही. ते "सात-आठ" म्हणत. घरात ओढायचा प्रश्नच नव्हता, सुनेसमोर आणि नातीसमोर ते ओढत नसत. ते गॅरेजचं मोठं दार हातभर वर उचलत आणि त्या फटीशी स्टुलावर बसत. नोव्हेंबरच्या मध्यावर तापमान शून्याच्या खाली जायला लागलं. बाबा माझा जुना कोट, कानटोपी आणि बायकोची शाल अशा अवतारात चौदा वेळा त्या फटीशी जाऊन बसायचे. रात्रीच्या त्यांच्या खोकल्याने मुलगी जागी व्हायची.

मी त्यांना एकदा हिशेब करून दाखवला होता. रोजच्या चौदा म्हणजे वर्षाच्या पाच हजार एकशे दहा. त्यांनी कागद नीट वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि पुढच्या सिगारेटीची राख त्याच घडीवर झाडली.

ऑफिसातला माझा एक सहकारी पुण्याचा होता. कामासाठी चीनला जाऊन आला तेव्हा त्याने एक नवीन वस्तू आणली होती. पेनासारखी, थोडी जाड. ओढलं की टोकाशी लाल दिवा लागायचा आणि तोंडातून पांढरं काहीतरी बाहेर यायचं.

"अरे यार, हा स्मोक नाहीये, व्हेपर आहे," तो म्हणाला. "वाफ. डांबर नाही, राख नाही. लिक्विड भरायचं आणि ओढायचं. निकोटिन हळूहळू कमी करत न्यायचं, बास. तुझ्या बाबांना दे, मी दुसरं मागवतो."

"लिक्विडमध्ये काय असतं?"

"लिहिलंय ना बाटलीवर. आणि फ्लेवर. माझी बायको तर म्हणते, घरात केक भाजल्यासारखा वास येतो."

बाटलीवर खरंच लिहिलेलं होतं. दोन द्रवांची नावं, निकोटिन आणि शेवटी 'फ्लेवर'. निकोटिनसमोर आकडा होता, मिलिलीटरमागे किती मिलिग्रॅम. अठराची बाटली मिळे, बाराची मिळे, सहाची मिळे. आकडा पाहिला की मला धीर येतो. 'फ्लेवर' या शब्दापुढे आकडा नव्हता. त्या शब्दावर मी थांबलो नाही. घरातल्या सगळ्या डब्यांवर, सरबतावर, बिस्किटांवर तो शब्द असतो. पोटात जातं ते चालतं, मग छातीत गेलं तर काय, असा विचार मी केला असंही म्हणता येणार नाही. विचार केलाच नाही.

आधी पुदिन्याची बाटली आणली. बाबा म्हणाले, "दात घासल्यावानी लागते." कॉफीची त्यांना जळकी वाटली. चेरीला ते "खोकल्याचं औषध" म्हणाले. मग दालचिनीची आणली. बाबांनी पहिला झुरका घेतला, दुसरा घेतला आणि म्हणाले, "हं. हे मसालेभातावानी आहे. हे चालंल."

मी खूश झालो. दालचिनीच्या तीस बाटल्यांचं एक खोकं मागवलं, तिन्ही प्रमाणांच्या दहा-दहा. कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. वर दाराला कागद चिकटवला. १ डिसेंबरला पहिली खूण केली. आधी अठरा, मग बारा, मग सहा असा कार्यक्रम आखला आणि त्याच कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात निकोटिनची दुसरी रेघ काढली. बाबा रोज संध्याकाळी येऊन पाहत. "पास झालो का?" असं विचारत. नाताळच्या आठवड्यात सिगारेटी दोनवर आल्या आणि २९ तारखेला शून्य. खोकला थांबला. बायकोने त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या. सहकाऱ्याला मी ऑफिसात पेढा नेऊन दिला.

कागदाच्या समासात मी बारीक अक्षरात टिपणं करत असे. 'खोकला कमी.' 'भूक वाढली.' 'झोप सलग सहा तास.' अशा टिपणांमध्ये १२ जानेवारीच्या रेघेसमोर तीन शब्द आहेत. 'कान. सर्दी असावी.'

तो शनिवार होता. सकाळी चहा घेताना बाबा म्हणाले, "डाव्या कानाले दडा बसला. आणि आत रातकिडे ओरडतात."

"कधीपासून?"

"सकाळपासून. उठलो तं जरा गरगरलं बी."

बाहेर उणे नऊ होतं. घरात गरम हवेचा झोत दिवसभर चालू, सगळ्यांचीच नाकं कोरडी पडलेली. मुलीला सर्दी होतीच. बायकोने तेलात लसूण तळून, कोमट करून दोन थेंब कानात घातले. आमच्या दोघांच्याही घरांत कान दुखला की हेच करतात. मी विमा काढलेला होता, पाहुण्या आईवडिलांसाठी इथे सगळेच काढतात तो. त्याची चौदा पानं मी आधीच वाचलेली होती. जुनं दुखणं असेल तर धरत नाहीत आणि ते जुनं नाही हे आपण सिद्ध करायचं. दडा बसलेल्या कानासाठी कोण एवढं करील?

मी म्हटलं, "बाबा, सर्दीचं असेल. उतरेल. नाहीच उतरलं तर एप्रिलमध्ये जाताच आहात. तिकडे आपल्या डॉक्टरांना दाखवू."

इथल्या आमच्यासारख्या प्रत्येक घरात हे वाक्य बोललं जातं. दात, गुडघा, डोळा, पोट, सगळं तिकडे जाऊन दाखवायचं. आपला डॉक्टर घरचा असतो, त्याला आपली भाषा समजते, तो लगेच पाहतो. मी स्वतः माझी एक दाढ सात महिने तशीच ठेवून अकोल्याला नेली होती.

"हो नं," बाबा म्हणाले. "कायले इथं?"

त्यानंतर त्यांनी कानाचा विषय काढला नाही. मीही विचारलं नाही. पुढच्या शनिवारी समासात 'वजन ६१' अशी नोंद आहे.

फेब्रुवारीत घरातलं वातावरण बदलत गेलं. बाबा बोलेनासे झाले. मी काही विचारलं तर कधी उत्तर देत, कधी खिडकीबाहेर बघत राहत. टीव्हीचा आवाज आम्ही अठरावर ठेवायचो. मी ऑफिसातून यायचो तेव्हा पडद्यावर एकतीस असायचं. मी तो अठरावर आणायचो, ते काही न बोलता उठून गॅरेजमध्ये जायचे. निकोटिन मी तेव्हा बारावरून सहावर आणलं होतं. मला वाटलं, त्याचाच राग आहे. सिगारेट सोडलेला माणूस चिडचिडा होतो हे मी वाचलेलं होतं. ते तर्काला धरून होतं आणि माझ्या आलेखातही नीट बसत होतं.

एका रविवारी दुपारी आम्ही गॅरेजमध्ये होतो. मी गाडीच्या काचा पुसत होतो, बाबा स्टुलावर, हातात ती पेनासारखी वस्तू. सगळीकडे दालचिनीचा वास. मी त्यांच्या डाव्या बाजूला होतो. तीन वेळा विचारलं, संध्याकाळी देवळात येणार का. तिन्ही वेळा काही नाही. मग मी बोललो. पुसता पुसता, वर न बघता बोललो.

"बाबा, तुमचा राग कळतो मला. पण तुमच्या छातीसाठीच करतोय ना हे सगळं? आईनं जन्मभर सांगितलं, तिचं ऐकलं नाहीत. आता माझ्यावर रुसून बसलात. इथे काय कमी आहे तुम्हाला?"

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि हसले. "हो हो," म्हणाले. "छान निघाली."

त्यांना वाटलं, मी काचेबद्दल बोलतोय. मला वाटलं, ते माझी टिंगल करतायत. मी फडकं टाकून घरात गेलो आणि आठ दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. ते आठ दिवस मी मोजलेले आहेत. त्यांना ते आठ दिवस समजले असतील की नाही, मला माहीत नाही. कदाचित त्यांच्या कानाला ते इतर दिवसांसारखेच लागले असतील.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं, बाबा, मुलगी आणि मी, किराणा आणायला निघालो. बाबा पुढे माझ्या शेजारी बसायला आले, तर मुलगी म्हणाली, "आजोबा, यू कम विथ मी," आणि त्यांना हाताला धरून मागे घेऊन गेली. डावीकडच्या सीटवर ती बसायला लागली, मग उठली, त्यांना डावीकडे बसवलं आणि स्वतः उजवीकडे बसली. हे तिने इतक्या सवयीने केलं की मी आरशातून विचारलं, "हे काय चाललंय?"

"दिस इज अवर सिस्टिम."

"कसली सिस्टिम?"

"ही कान्ट हिअर ऑन दॅट साइड, बाबा. यू ऑल्वेज टॉक ऑन दॅट साइड."

मी गाडी सुरू केली नाही. बाबा खिडकीतून शेजाऱ्यांच्या झाडाकडे बघत होते. ते पुढे माझ्या शेजारी बसले की माझ्या बाजूला त्यांचा डावा कान येई.

"कधीपासून?"

"लाँग टाइम. बिफोर व्हॅलेंटाइन्स डे. स्क्रूड्रायव्हर गेममध्ये ही गेट्स एव्हरीथिंग राँग. सो नाउ वी डू इट ऑन द अदर इअर."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिने एकदा आजोबांकडे पाहिलं. "आजोबा सेड डोन्ट टेल. ही सेड यू विल मेक अ चार्ट."

किराण्याला आम्ही त्या दिवशी गेलो की नाही, आठवत नाही.

कानाच्या डॉक्टरांची वेळ २८ मार्चची मिळाली. त्या दिवशी सकाळी मी गॅरेजमधलं खोकं बाहेर काढलं. तीसपैकी सहा बाटल्या सीलबंद उरल्या होत्या, एक वापरात होती. रिकाम्या तेवीस बाबांनी टाकलेल्या नव्हत्या. कॉफीच्या एका जुन्या डब्यात त्या नीट उभ्या करून ठेवल्या होत्या. नटबोल्ट ठेवायला कामी येतील म्हणून असेल. दहा मिलीच्या तेवीस, म्हणजे दोनशे तीस मिली, आणि एकशे एकोणीस दिवस. दिवसाला जवळपास दोन मिली. माझ्या कार्यक्रमाप्रमाणे तोवर आठ बाटल्या लागायला हव्या होत्या.

समजायला वेळ लागला नाही. मी दर बाटलीतलं निकोटिन कमी करत गेलो, तसे बाबा बाटल्या वाढवत गेले. तेवढीच तलफ भागवायला तिप्पट वाफ. सिगारेटीची रेघ खाली आली, बाटलीवरच्या आकड्याची रेघ खाली आली आणि ज्याची रेघ मी काढलीच नव्हती ते वर गेलं. द्रव आणि दालचिनी. खोकं माझ्याच कपाटात होतं, त्याच कागदाच्या खाली. वाफच ती, म्हणून मी ती मोजली नव्हती. ऑफिसात एखाद्या नवख्याने अशी चूक केली असती तर मी त्याला समोर बसवून तास घेतला असता.

डॉक्टर माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. बाबांना काचेच्या लहान खोलीत बसवून, कानांवर हेडफोन चढवून तपासणी झाली. मग त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला. आलेखच होता. उजव्या कानाची रेघ तीसपासून पंचावन्न डेसिबेलपर्यंत हळूहळू उतरत गेलेली, वय आणि वर्कशॉप दोन्ही धरून अपेक्षित. डाव्या कानाची पंच्याऐंशीच्या आसपास, कागदाच्या तळाशी जवळजवळ सपाट. अशा आलेखात रेघ जेवढी खाली, तेवढं ऐकणं कमी. खाली गेलेली रेघ बघून समाधान वाटायची सवय होती मला. तो कागद उलटा वाचायचा हे लक्षात यायला मला काही क्षण लागले.

"हे एकदम झालं की हळूहळू?" त्यांनी विचारलं.

मी तारीख सांगितली. १२ जानेवारी, सकाळ. तारीख अचूक सांगता आली, कारण ती मी लिहून ठेवली होती.

त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "असा कान एकाएकी गेला तर पहिल्या दोन आठवड्यांत औषध दिलेलं बरं असतं. सगळ्यांना उपयोग होतो असं नाही. पण काहींना होतो."

शहात्तर दिवस झाले होते.

मी खिशातून बाटली काढून पुढे केली. त्यांनी अशी वस्तू पाहिली नव्हती. लेबल वाचलं, 'फ्लेवर' या शब्दावर नख टेकवून म्हणाल्या, "हे म्हणजे नक्की काय?"

"दालचिनी."

"दालचिनी तर नसेल. दालचिनीसारखा वास देणारं काहीतरी असेल." मग त्या म्हणाल्या, "नाकाच्या मागून कानापर्यंत एक नळी जाते. यातले काही पदार्थ थेट कानाच्या आत गेले तर चांगले नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. वाफ होऊन रोज, एवढ्या प्रमाणात गेले तर काय होतं, हे मला माहीत नाही. अजून कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. वय आहे, चौतीस वर्षांचा आवाज आहे, पन्नास वर्षांचं धूम्रपान आहे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. एखादा विषाणूही असू शकतो. मी तुम्हाला 'यामुळे' असं म्हणू शकत नाही. 'यामुळे नाही' असंही म्हणू शकत नाही."

मी विचारलं, शक्यता किती टक्के?

"आकडा नाही माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

बाबा इतका वेळ आमच्या ओठांकडे बघत होते. परत येताना मी त्यांना पुढे बसवलं नाही. मीच मागे, त्यांच्या उजवीकडे बसलो, बायको गाडी चालवत होती. डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं. औषधाचे दोन आठवडे सांगितले. बारा जानेवारीला मी काय म्हणालो होतो तेही सांगितलं, ते त्यांना आठवत असणारच.

"हट्," बाबा म्हणाले. "चौतीस वर्षं ह्याच कानानं इंजिनं ऐकली. झिजला असंल. बेअरिंग झिजत नाही का?"

"एकदम नाही झिजत, बाबा. तुम्हीच सांगता. आधी कण्हतं."

मग ते म्हणाले, "मी सांगितलं होतं नं तुले. एकडाव."

त्यात ठपका नव्हता. जसं घडलं तसं सांगितलं होतं. त्यांना पुढे काही म्हणायचं असेल म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी सुनेला सांगितलं, "तिसऱ्या गिअरवानी ओढू नको गाडी, बेटा," आणि मग त्यांनाच आठवलं की या गाड्यांना तसे गिअर नसतात.

परत जायच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडी तपासायला काढली. सहा महिन्यांत कोणी पाहिली नाही म्हणाले, खरं तर ती फेब्रुवारीतच दाखवून आणली होती. इंजिन चालू केलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, मूठ डाव्या कानाला लावली, डोळे मिटले. ते तसेच उभे राहिले. मी घड्याळ पाहिलं नाही. मग त्यांनी मूठ उजव्या कानाला लावली. हात उलटा वळत होता, टोक घसरत होतं, त्यांनी दोनदा सावरलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "काही नाही."

स्क्रूड्रायव्हर त्यांनी पुसून कपाटात ठेवला. दाराच्या आतला कागद समोर आला तेव्हा ते म्हणाले, "हे राहू दे. मेहनतीचं आहे."

आता ते अकोल्याला असतात. तिथल्या डॉक्टरांनी तोच कागद पाहिला आणि तेच सांगितलं. वाफेची ती वस्तू बाबांनी इथेच ठेवली. ते सिगारेट पुन्हा ओढतात, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. किती, ते मी विचारलं नाही.

मी दर रविवारी सकाळी फोन करतो, तिकडे संध्याकाळ असते. ते फोन उचलतात ते सवयीप्रमाणे डाव्याच कानाला. मी "बाबा" म्हणतो. पलीकडे काही नाही. मग फोन या हातातून त्या हातात जाताना खडखडतो आणि त्यांचा आवाज येतो, "हां, बोल." मधे दोन सेकंद जातात, कधी तीन. सुरुवातीला मी तेवढ्यात "हॅलो, हॅलो" करायचो. आता करत नाही. मी हाक मारतो आणि थांबतो. पहिली हाक त्या कानात जाते हे मला माहीत असतं, तरी ती मी दर वेळी मारतो.